पाऊण गुंठ्याचं स्मारक

नातू माझ्यावर पहिल्यांदा चिडला तो शिक्क्यावरून. नऊ वर्षांचं पोर, एरवी माझ्या खांद्यावर चढून बसणारं. त्या दिवशी मात्र वही छातीशी धरून कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं. त्याच्या वहीत शिक्का मी मारला आणि एकाचे दोन उठले. ३७ वर्षं टपाल खात्यात काढलेल्या माणसानं असा ठसा उठवावा! आमच्या हिला हसू आवरेना. पोरीला वाटलं, बाबांचा हात थरथरायला लागला की काय. तसं काही नव्हतं. हाताची जुनी सवय नडली, ते पुढं सांगतो.

आधी ती वही काय ते सांगायला पाहिजे. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांचं एक खातं आहे. आपल्याला उद्यान म्हटलं की दाजीपूरचे गवे आठवतात, पण या खात्याकडं चारशेच्या वर जागा आहेत आणि त्यात डोंगर-जंगलवाली खरी नॅशनल पार्क फक्त ६३. बाकी सगळी रणांगणं, किल्ले, थोरामोठ्यांची घरं, स्मारकं. १९८६ सालापासून या सगळ्यांसाठी मिळून एक निळी, खिशात मावणारी वही विकत मिळते. तिला ते पासपोर्ट म्हणतात. देशाचे नऊ विभाग पाडलेत, प्रत्येकाला वेगळा रंग. जिथं जाल तिथं टेबलावर रबरी शिक्का आणि शाईचं पॅड ठेवलेलं असतं. गोलात वरच्या अंगाला जागेचं नाव, खाली गावाचं, मधे तारीख. पैसे नाहीत, अर्ज नाही, सही नाही. आपल्या हातानं मारायचा आणि पुढं चालायचं.

नातवानं फोनवर हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी त्याला दोनदा विचारलं. शिक्का असा उघड्यावर? कुणाच्याही हातात?

आमच्याकडं शिक्का म्हणजे देव्हाऱ्यातल्या टाकासारखा. पोलादी, लाकडी मुठीचा, हातात घेतला की वजन कळणारा. सकाळी आल्या आल्या तारखेचे बारीक खिळे चिमट्यानं बदलायचे, मग त्याचा एक ठसा पोस्टमार्कच्या वहीत घ्यायचा, तारीख-महिना उलटासुलटा लागला नाही ना ते बघायचं, आणि त्यानंतर पहिलं पत्र. संध्याकाळी शिक्के कुलपात. मला ज्यांनी शिकवलं ते जुने क्लार्क म्हणायचे, "मनगटानं मारू नकोस, कोपरातनं मार. तिकिटावर एक, पाकिटावर एक. धप, धप." दिवसाला हजार-दीड हजार पत्रं. रिटायर झाल्यावरही काही महिने माझा उजवा हात झोपेत हालायचा, असं ही सांगते. तिच्या सांगण्यात किती मीठ-मसाला असतो ते मला ठाऊक आहे, पण ही गोष्ट खरी असावी.

तर २०२४ च्या मे ते जुलैमध्ये आम्ही दोघं पोरीकडं न्यू जर्सीला होतो. फिलाडेल्फिया तिथून तासाभरावर. आधीच्या एका फेरीत स्वातंत्र्याची सनद जिथं झाली ती इमारत, ती तडा गेलेली घंटा वगैरे बघून झालं होतं. खरं सांगायचं तर मला त्या फेरीतलं सगळ्यात जास्त आठवतं ते बेंजामिन फ्रँकलिनच्या नावाचं पोस्ट ऑफिस. फ्रँकलिन त्यांचा पहिला पोस्टमास्टर जनरल, नेमणूक २६ जुलै १७७५. (२६ जुलैच, १९०२ साली शाहू महाराजांनी ५० टक्के राखीव जागांचा हुकूम काढला तोच दिवस. कोल्हापूरच्या माणसाला ही तारीख कुठंही दिसली की थांबावं लागतं.) त्या पोस्टात अजूनही हातानं शिक्का मारतात, 'बी. फ्री फ्रँकलिन' असा. मी स्वतःच्याच नावानं राजारामपुरीच्या पत्त्यावर एक पाकीट टाकलं होतं. ते आमच्या आधी घरी पोचलं.

या वेळी नातवाच्या यादीत एक नाव राहिलं होतं, आणि ते त्याला उच्चारता येत नव्हतं. इंग्रजीत वाचलं तर जीभ अडकते. मी अक्षरं बघितली आणि विचारलं, "हा पोलंडचा का रे?"

"हो आबा. आणि ते सगळ्यात स्मॉल आहे. सगळ्या पार्क्समध्ये स्मॉलेस्ट."

ताडेउश कोश्चुश्को राष्ट्रीय स्मारक. क्षेत्रफळ ०.०२ एकर. मी लगेच मनात हिशेब केला, ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे ०.८ गुंठा. पाऊण गुंठ्याच्या किंचित वर. आमच्या गल्लीत एवढ्या जागेत वर-खाली दोन भाडेकरू आणि समोर झेरॉक्सचं दुकान बसतं. याच खात्याकडं अलास्कात जे सगळ्यात मोठं उद्यान आहे, ते १ कोटी ३२ लाख एकरांचं, आपला सगळा कोल्हापूर जिल्हा सातेक वेळा मावेल एवढं. दोघांना वहीत जागा तेवढीच, एका शिक्क्याची. मला ते फार आवडलं.

पण मी जायचं म्हटलं ते छोटेपणासाठी नव्हे, पोलंडसाठी.

माझे वडील चिंचवाडचे. शेजारी वळिवडे. १९४३ ते १९४८ तिथं पोलिश लोकांची छावणी होती, पाचेक हजार माणूस, त्यात बायका, पोरं आणि म्हातारेच जास्त. रशियानं त्यांना घरादारातून उचलून सैबेरिया-कझाकस्तानला नेऊन टाकलेलं; तिथून सुटून इराणमार्गे, जहाजानं कराचीला आणि मग आगगाडीनं थेट आमच्या पंचगंगेकाठी. रांगेनं बराकी, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचं थिएटरसुद्धा. वडील तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. आजी डोक्यावर भाजीची बुट्टी आणि हे मागं अंड्यांची टोपली घेऊन छावणीत जायचे. अंडी मोजताना पोलिश बायका मराठी आकडे म्हणायच्या आणि सात नंतर एकदम नऊ म्हणायच्या, असं वडील सांगत. आठ हा आकडा त्यांना का नको होता कुणास ठाऊक. आजीनं त्याचा फायदा घेतला नाही, असंही ते आवर्जून सांगत. त्यावर माझा तितकासा विश्वास नाही; आजीला मी बाजारात बघितलंय.

वडिलांकडं तिथून दोन शब्द आले. रोज सकाळी आम्हा भावंडांची पांघरुणं ओढताना ते ओरडायचे, "जेन दोब्री!" आणि पाण्याचा तांब्या हातात दिला की म्हणायचे, "जेंकुये." आम्हाला वाटायचं ही वडिलांचीच काहीतरी थट्टा. नमस्कार आणि आभार, हा अर्थ मला कळला तेव्हा मी नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती.

आणि तो कळला तोच प्रसंग मला गेली पंचवीस-तीस वर्षं टोचतोय. मी तेव्हा काउंटरला होतो. कुठल्या ऑफिसात ते सोडा. महिना अखेर, मनीऑर्डरची रांग दारापर्यंत. त्या रांगेत एक गोऱ्या, म्हाताऱ्या बाई. पाळी आली तशी त्यांनी पोस्टकार्डं दिली, तिकिटं घेतली, चिकटवली. मग पिशवीतून एक छोटी वही काढून माझ्यापुढं उघडी धरली, कोरं पान. इंग्रजी मोडकं होतं, पण कळत होतं. लहानपणी इथं राहिले, वळिवडे कॅम्प, हा शिक्का या पानावर मारून द्याल का, आजच्या तारखेचा?

मी म्हटलं, नो. कोऱ्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा नसतो. उद्या त्यावर कुणी काहीही लिहील. नियम बरोबर होता. बाईंनी वही मिटली, माझ्याकडं बघून म्हणाल्या, "जेंकुये," आणि गेल्या. तो शब्द वडिलांच्या तोंडचा आहे हे माझ्या टाळक्यात शिरेपर्यंत पुढची मनीऑर्डर खिडकीत आली होती.

खरी बोच पुढं आहे. त्या पानावर एक रुपयाचं तिकीट लावलं असतं, तर त्यावर शिक्का मारता आला असता. तिकिटं जमवणाऱ्या पोरांना मी कितीदा असा मारून दिलाय. त्या दिवशी सुचलं नाही. सुचलं नाही म्हणतोय खरं. रांग मोठी होती आणि मला वैताग आला होता, हे जास्त खरं.

घरी जाऊन वडिलांना विचारलं, "जेंकुये म्हणजे काय ओ नक्की?" त्यांनी सांगितलं. वरचं काही मी त्यांना बोललो नाही.

तर १५ जून, शनिवार. हे घर उन्हाळ्यात शनिवार-रविवारीच, दुपारी काही तास उघडं असतं, म्हणून वार बघून गेलो. गाडी लांब लावली आणि चालत निघालो. तिथं आडव्या रस्त्यांना झाडांची नावं आहेत, चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. आणि उभ्या रस्त्यांना आकडे. राजारामपुरीत आठव्या-नवव्या गल्लीच्या हिशेबात आयुष्य गेलेल्या माणसाला हे शहर परकं वाटत नाही. तिसरी गल्ली आणि पाइन यांच्या कोपऱ्यावर लाल विटांचं एक घर. पलीकडं जुनं चर्च. घराबाहेर एक पाटी नसती तर आम्ही पुढंच गेलो असतो. ही म्हणालीच, "एवढंसंच होय? मला वाटलं बाग असेल. भडंग कुठं बसून खायचं?"

आत एक रेंजर बाई, खाकी-हिरव्या गणवेशात. नातवानं वही काढली. त्यांनी हसून "पासपोर्ट?" म्हटलं, आणि आमच्या हिनं पर्सची चेन उघडून आपला भारत सरकारचा पासपोर्ट त्यांच्यापुढं ठेवला, तिकिटाच्या झेरॉक्ससकट. पोरगीनं कपाळाला हात लावला. रेंजर बाईंनी दोन बोटांनी तो अलगद परत सरकवला आणि सांगितलं, खऱ्या पासपोर्टवर यातलं काही मारू नका, विमानतळावर भानगड होते. ही मला हळूच म्हणाली, "अहो, विचारला म्हणून दिला. मला काय माहीत हिला दुसराच पाहिजे."

हे घर १७७५-७६ चं. कोश्चुश्को इथं राहिला फक्त सहा-सात महिने, नोव्हेंबर १७९७ ते मे १७९८. घर त्याचं नव्हे. एका बाईंनी चालवलेलं बोर्डिंग. बोर्डिंग म्हटलं की मला आपली शाहू महाराजांची बोर्डिंगं आठवतात, पण हे तसलं नव्हे, भाड्यानं खोली घेऊन राहायचं. एका पोलिश वंशाच्या इतिहास-संशोधकानं हे घर हुडकून काढलं, पोलिश वंशाच्याच एका माशांच्या व्यापाऱ्यानं विकत घेऊन सरकारला दिलं, १९७२ साली कायदा झाला आणि १९७६ ला दार उघडलं.

माणूस कोण, तर किल्ले बांधणारा इंजिनिअर. १७७६ साली युरोपातून अमेरिकेत आला आणि इंग्रजांविरुद्धच्या लढाईत उतरला. साराटोगाच्या लढाईआधी तोफा कुठल्या टेकडीवर चढवायच्या ते त्यानं ठरवलं, पुढं वेस्ट पॉइंटची तटबंदी त्यानं बांधली. आपल्याकडं रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदलकरांचं नाव पायरीवर तरी आहे. किल्ले लढवणाऱ्यांची नावं राहतात, जागा हेरणाऱ्यांची राहत नाहीत. नंतर मायदेशी जाऊन १७९४ ला त्यानं रशियाविरुद्ध उठाव केला, जखमी झाला, पकडला गेला, दोन वर्षं कैदेत. सुटून पुन्हा फिलाडेल्फियाला आला तो चालता येईना अशा अवस्थेत.

वर त्याची खोली आहे. आत पाऊल टाकता येत नाही, दारातूनच बघायची. एक पलंग, थोडं सामान. तो इथं पडून असायचा आणि लोक भेटायला यायचे. उपराष्ट्राध्यक्ष जेफरसन यायचा. मायामी या मूळ अमेरिकन जमातीचा सरदार लिटल टर्टल आला, त्याला यानं आपली पिस्तुलं दिली, तुमच्यावर राज्य करायला येणाऱ्यावर झाडा म्हणून. दारात उभं राहून मी बघत होतो आणि एवढीशी खोली, एवढी माणसं, असा विचार करत होतो, तर मागं एक वयस्क जोडपं आलं. बाई नवऱ्याशी पोलिशमध्ये बोलत होत्या. पाट्याही तिथं इंग्रजी आणि पोलिश अशा दोन्ही भाषांत आहेत. मला काय झालं कुणास ठाऊक, मी वळून म्हणालो, "जेन दोब्री!"

बाईंचा चेहरा असा फुलला, आणि मग सुरू झाल्या. दोन मिनिटं, सलग. मी मान हलवत राहिलो. माझ्याकडं एकच शब्द शिल्लक होता, तो मी शेवटी वापरला आणि बाजूला झालो. पोरगीनं इंग्रजीत सांगितलं, आम्ही कोल्हापूरचे, वळिवडे, पोलिश कॅम्प. त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. खाली रेंजर बाईंनीही विचारलं, कागदावर नाव लिहून घेतलं. 'ळ' चं काही त्यांना जमलं नाही. "वलिवडे" वर तडजोड झाली.

आता शिक्का. टेबलावर तो ठेवलेला, हलका, खेळण्यातल्यासारखा. तारीख बरोबर, ती मी सगळ्यात आधी बघितली, सवय. नातू म्हणाला, "आबा, हा तुम्ही मारा, तुम्ही एक्स्पर्ट आहात." केवढा मान! मी शिक्का पॅडवर टेकवला, वही सरळ केली, आणि कोपरातनं, धप, धप.

सगळं घर दणाणलं. रेंजर बाईंनी वर बघितलं. पोलिश बाई जिन्यात थांबल्या. रबर ते, पोलादासारखं एका जागी बसत नाही, मारलं की उडतं. त्यात मी सवयीनं दोनदा मारलेला. तिकिटावर एक, पाकिटावर एक. नातवाच्या वहीत दोन वर्तुळं एकमेकांत घुसलेली, कोश्चुश्को दोन, जून दोन आणि १५ चा आकडा ४५ सारखा दिसतोय.

पोर रडलं नाही, पण ते कोपऱ्यातलं उभं राहणं माझ्या जिव्हारी लागलं. रेंजर बाईंनी मग दाखवलं, रबरी शिक्का मारायचा नाही. ठेवायचा, सगळ्या बाजूंनी सारखा दाबायचा, उचलायचा. आयुष्यभर ज्याचा पगार घेतला ते काम मला ६६ व्या वर्षी पुन्हा शिकावं लागलं. कोऱ्या कागदाच्या चिठोऱ्यांवर मी पाच-सहा ठसे काढले. कोऱ्या कागदावर. बाई आणखी कागद पुढं करत होत्या आणि मला ती रांगेतली वही दिसत होती. सातवा ठसा सुबक आला, तो कापून नातवानं चुकलेल्या ठशाशेजारी डिंकानं चिकटवला. चुकलेला खोडायचा म्हणत होता, पोरगीनं खोडू दिलं नाही.

परत चालताना पोरगीनं मोबाइलवर वाचून दाखवलं, ते मला त्या घरापेक्षा मोठं वाटलं. १७९८ च्या मे महिन्यात कोश्चुश्को गुपचूप निघून गेला, आणि जाताना त्याच्याकडं टॉमस कानबर्ग या खोट्या नावाचा पासपोर्ट होता. मिळवून कुणी दिला, तर जेफरसननं. नातवानं लगेच विचारलं, "मग त्याच्या पासपोर्टवर स्टॅम्प होते का?"

आणि जाण्याआधी त्यानं एक मृत्युपत्र करून ठेवलं. लढाईतल्या नोकरीचा थकलेला पगार अमेरिकेनं त्याला दिला होता. त्या पैशातून गुलाम विकत घेऊन मोकळे करायचे, त्यांना शिकवायचं, पोटापाण्याचं बघायचं. हवं तर जेफरसनचे स्वतःचे गुलामसुद्धा त्यातून सोडवायचे. अंमलबजावणी जेफरसननंच करायची. १८१७ साली कोश्चुश्को स्वित्झर्लंडमध्ये वारला तेव्हा जेफरसन ७४ वर्षांचा होता. त्यानं हे काम अंगावर घेतलं नाही. मागून युरोपात केलेली आणखी मृत्युपत्रं निघाली, खटला वर्षानुवर्षं चालला, आणि १८५२ साली सुप्रीम कोर्टानं पैसे युरोपातल्या नातेवाइकांकडं जाऊ दिले. एकही गुलाम त्यातून सुटला नाही.

आमच्याकडं रजिस्टर पत्र असं परत यायचं तेव्हा पोस्टमन त्यावर एक शेरा मारायचा, 'घेण्यास नकार'. पत्ता बरोबर, माणूस घरात हजर, हातात पत्र दिलेलं, आणि तो म्हणतो, नको. मी असे शेकडो शेरे बघितलेत. बहुतेक कोर्टाच्या नोटिशी. भल्या कामाचं पत्र असं परत आलेलं पहिल्यांदाच ऐकलं.

जुलैअखेर आम्ही कोल्हापूरला परतलो. २१ ऑगस्टला टीव्हीवर बघतो तर पंतप्रधान वॉर्सात कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकाला फुलं वाहतायत. आमच्या वळिवडे छावणीचं स्मारक, त्यांच्या राजधानीत. ही म्हणाली, "बघा, तिकडं ते आपलं बांधतात, आणि तुम्ही एवढे पैसे खर्चून त्यांच्या माणसाचं अमेरिकेत बघून आलात. इथलं कधी बघितलंय का?"

मुद्दा बिनतोड होता. महावीर उद्यानात पोलिश मंडळींचा स्तंभ आहे, आणि त्या बागेत मी निदान तीनशे वेळा चाललोय. वळसा घालताना तो डाव्या हाताला येतो एवढंच मला माहीत होतं. मग एका सकाळी थांबून बघितला. शेजारच्या बाकावर दोन गृहस्थ पायावर पाय टाकून शुगरच्या गोळ्यांवर चर्चा करत होते, मी वाकून वाचतोय म्हटल्यावर त्यातले एक म्हणाले, "काय ओ, काय लिहिलंय त्यावर?" रोज तिथंच बसतात.

पुढच्या रविवारी स्कूटरवरून तावडे हॉटेलपासनं आत वळलो. गांधीनगर. पोलिश लोक गेल्यावर फाळणीत आलेली सिंधी माणसं त्याच छावणीत उतरली. एका विस्थापिताची खोली दुसऱ्याला. आज तिथं बराकी शोधायला जाऊ नका, साड्यांचे आणि ड्रेस मटेरिअलचे ठोक दुकानदार भेटतील. वळिवड्यात २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पोलंडच्या परराष्ट्र उपमंत्र्यांच्या हस्ते स्मृतिस्तंभ झाला, तो बघितला. मग रेल्वे स्टेशनवर जाऊन फलाटावर बसलो. पाचेक हजार माणसं इथंच कुठंतरी उतरली असणार, बोचकी घेऊन, जूनसारख्या महिन्यात कदाचित, चिखलात. एक पॅसेंजर आली, चार माणसं उतरली, गेली.

तिथं बसल्या बसल्याच डोक्यात आलं.

दुसऱ्या दिवशी रबरी शिक्के करून देणाऱ्याकडं गेलो. त्याचा पहिला प्रश्न, "संस्था कुठली?"

"संस्था नाही."

"मग सहीचा? दुकानाचा?"

"वर गोलात 'पोलिश छावणी', खाली 'वळिवडे, कोल्हापूर', मधे फिरती तारीख."

"कशाला पाहिजे, काका? ग्रामपंचायतीचं पत्र आहे का?"

"वहीत मारायला."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "वळिवडे का वळीवडे? पहिली का दुसरी वेलांटी?" हा प्रश्न मात्र बरोबर होता. मी अर्धं आयुष्य पत्ते वाचण्यात घालवलंय आणि दोन्ही प्रकारे लिहिलेली पाकिटं पोचवलीत. पहिली, म्हटलं. साडेचारशे रुपये सांगितले, चारशेवर आला.

शिक्का चार दिवसांनी मिळाला. पहिला ठसा दुकानातल्याच वर्तमानपत्राच्या कडेला घेतला. धप नाही, ठेवला, दाबला, उचलला. 'छावणी'तला 'छा' जरा फिका, पॅड नवं असल्यामुळे. बाकी ठीक. घरी येऊन एका शाळकरी वहीत तारखेनिशी एक ठसा काढून ठेवलाय. पोस्टमार्कच्या वहीत काढायचो तसाच.

रात्री नातवाला व्हिडिओवर दाखवला. त्यानं वही कॅमेऱ्याजवळ आणायला लावली, बारकाईनं बघितली आणि म्हणाला, "आबा, हे ऑफिशियल नाहीये. तुम्ही स्वतः बनवलंय. आणि तुम्ही आता तिथं नाहीये, घरी आहात. घरी मारला तर काउंट होत नाही."

नियम बरोबर होता. म्हणून ते पान मी फाडलं. डिसेंबरात तो येतोय, शिक्का स्कूटरच्या डिकीत ठेवलाय. पॅड मात्र घरातच, उन्हानं वाळतं.